रंगाच्या डब्याला चोच लावली, तरी ओघळ का येतात?

मार्च लागला की नागपुरात घरोघरी कूलर बाहेर निघतात. जुनी खस फेकायची, टाकीतला क्षार खरवडायचा, गंजलेल्या पत्र्याला सँडपेपर मारायचा, रेड ऑक्साइडचा एक हात द्यायचा आणि तो वाळला की वरून इनॅमल, म्हणजे चकचकीत ऑइल पेंट. आमच्याकडे हे काम माझं. पोळ्याच्या आधी पोरांचे लाकडी नंदी रंगवायचं कामही माझंच. म्हणजे वर्षातून दोनदा ऑइल पेंटचे डबे उघडायचे, आणि दोन्ही वेळा तोच त्रास. डब्याच्या अंगावरून ओघळ, खाली शहाबादी फरशीवर गोल डाग, लेबलावरचं शेडचं नाव बुजलेलं आणि पुढच्या वेळी झाकण असं चिकटलेलं की उघडता उघडता घाम फुटावा.

त्यावर उपाय म्हणून तीन वर्षांपूर्वी डब्याच्या तोंडावर बसवायची चोच घेतली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. बांगडीसारखं प्लास्टिकचं कडं असतं आणि त्याच्या एका बाजूला पुढे आलेली पसरट चोच असते. झाकण काढायचं, कडं डब्याच्या काठावर ठेवून गोलगोल दाबत न्यायचं, म्हणजे ते टक् करून बसतं. डब्याच्या काठाला झाकण बसण्यासाठी जी खाच असते, ती या कड्याखाली झाकली जाते. रंग खाचेत न साचता चोचीवरून सरळ वाटीत किंवा ट्रेमध्ये पडतो. काम झालं की कडं काढायचं, पुसायचं, पुढच्या डब्याला लावायचं.

पहिल्या डब्यावर ती छान चालली. दुसऱ्या डब्यावर मात्र जसेच्या तसे ओघळ. मी चोच बदलून पाहिली, दुसऱ्या बनावटीची आणली, तरी तेच. शेवटी आमच्या गल्लीत बरीच वर्षं रंगकाम करणाऱ्या पेंटरभाऊंना दाखवलं. त्यांनी चोचीकडे पाहिलंसुद्धा नाही. बोट डब्याच्या काठावरून फिरवलं आणि म्हणाले, "ताई, चोचीले कायले बोल लावता? आधी खाच पाहा नं, कशी भरली हाय ते."

खाच खरोखरच भरलेली होती. मागच्या पोळ्याचा पिवळा रंग तिच्यात दगडासारखा वाळून बसला होता, आणि त्याच्यावर मी कडं दाबत होते. त्यानंतर या विषयात मी बरंच डोकं घातलं. आता माझं मत पक्कं आहे: चोच लावूनही ओघळ येत असतील, तर दहापैकी सात वेळा दोष डब्याच्या काठात असतो, दोनदा ओतण्याच्या पद्धतीत, आणि फार तर एकदा चोचीत. हा हिशेब माझ्या घरच्या डब्यांवरचा आहे, पण बाजारातून दुसरी चोच आणण्याआधी तुम्हीही याच क्रमाने तपासा.

आधी ओघळ कुठून येतो ते शोधा

डोळ्यांनी नुसतं पाहून हे कळत नाही, कारण रंग खाली पोचेपर्यंत सगळीकडे पसरलेला असतो. मी असं करते. वर्तमानपत्राची चार बोटं रुंद पट्टी कापते आणि डब्याच्या गळ्याभोवती, काठाच्या अगदी खाली, घट्ट गुंडाळून दोऱ्याने बांधते. चोच जिथे आहे तिथे पट्टीवर पेनने खूण करते. मग एकदाच, नेहमीसारखं ओतते, डबा सरळ ठेवते आणि पाच मिनिटं थांबते.

पट्टीवर डाग चोचीच्या नेमका खाली, मध्यभागी पडला असेल, तर रंग चोचीच्या टोकावरून मागे वळून येतोय. चोचीच्या दोन्ही बाजूंना, जरा अंतरावर डाग असतील, तर कडं आणि डबा यांच्या मधून गळतंय. डाग भलत्याच जागी, म्हणजे मागे किंवा तारेच्या कडीच्या कानापाशी असतील, तर कडं वाकडं बसलंय किंवा तिथे डब्याचा काठ दबलेला आहे. पट्टी कोरडी राहिली आणि तरी फरशीवर थेंब पडले, तर ते ब्रशचे आहेत. त्यात चोचीचा आणि डब्याचा काही संबंध नाही.

या एका तपासाने माझे किती तरी तास वाचले. बाकी काही वाचायचं नसेल तरी एवढं नक्की करून पाहा.

कडं आणि डबा यांच्या मधून गळतं

सगळ्यात जास्त त्रास इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ऑइल पेंटच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण आटे फिरवून बसत नाही, ते दाबून बसतं. झाकणाची कड डब्याच्या काठाच्या खाचेत घट्ट घुसते आणि पत्र्याला पत्रा घासून हवा बंद होते. त्यासाठी काठाला ती खाच असते. आपण ब्रश काठावर निथळला की रंग खाचेत उतरतो. डबा वाकडा करून ओतला की परत खाचेत उतरतो. तिथून काठ ओलांडून बाहेर येतो तो ओघळ, आणि आत राहतो तो वाळून खाच भरतो. इनॅमल नुसता थिनर (रंग पातळ करायचं द्रव, आमच्याकडे तार्पिन) उडाल्यामुळे वाळत नाही, हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन तो कडक होतो. म्हणून एकदा नीट वाळलेला थर नंतर तार्पिनाने पुसून निघत नाही, खरवडावाच लागतो.

चोचीच्या कड्याला बसायला ही खाच मोकळी आणि काठ गोल असावा लागतो. दोनपैकी एक जरी गोष्ट बिघडली, तरी कुठेतरी केसाएवढी फट राहते, आणि रंगाला तेवढी पुरते.

खाच भरलेली असेल तर: डबा बंद असतानाच, म्हणजे झाकण उघडण्यापूर्वी, वरवरचा वाळलेला थर काढून घ्या. झाकण काढल्यावर खरवडलं तर पापुद्रे रंगात पडतात आणि पुढे गाळत बसावं लागतं. झाकण निघाल्यावर खाचेतला उरलेला थर काढायला आइसक्रीमची काडी किंवा बांबूची चपटी पट्टी वापरा. लोखंडी टोकाने खरवडलं तर काठाच्या पत्र्यावर चरे पडतात, आणि ते चरे म्हणजे पुढच्या गळतीच्या वाटा. शेवटी तार्पिनाने ओला केलेला सुती कपडा बोटाला गुंडाळून पूर्ण गोल फिरवा आणि कोरड्या कपड्याने पुसा. खाच ओली असताना कडं बसवू नका, ते घसरतं.

काठ दबलेला असेल तर: हे बहुतेक वेळा पेचकसाने होतं. आपण एकाच जागी पेचकस घालून जोर लावतो, झाकण निघतं, पण काठाचा पत्रा तिथे बाहेर वाकतो. चोच पहिल्या डब्यावर का चालली आणि दुसऱ्यावर का नाही, याचं माझ्या बाबतीतलं अर्धं उत्तर हेच होतं. दुसरा डबा मी दोन वर्षांत चार-पाच वेळा पेचकसाने उघडला होता. आता मी चमच्याच्या दांड्यासारखं चपटं, रुंद टोकाचं हत्यार वापरते आणि एका जागी जोर न देता सात-आठ ठिकाणी थोडं थोडं उचलत गोल फिरते. वेळ अर्धा मिनिट जास्त लागतो. काठ आधीच वाकलेला असेल तर आतून लाकडाचा ठोकळा टेकवून बाहेरून लाकडी हातोडीने हलके ठोके द्या. डबा रिकामा किंवा अर्ध्याहून कमी भरलेला असतानाच हे करा, नाहीतर ठोक्यांनीच रंग उसळतो. दोन-तीन ठोक्यांत सरळ झाला नाही, तर सोडून द्या. त्या डब्यातला रंग गाळून दुसऱ्या स्वच्छ, कोरड्या डब्यात काढणं सोपं पडतं.

मापाचा प्रश्नही इथेच येतो. एक लिटर आणि चार लिटरच्या डब्यांची तोंडं वेगळी असतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण दोन कंपन्यांच्या एकाच मापाच्या डब्यांतही तोंड थोडं लहानमोठं निघतं, हे मला घेतल्यावर कळलं. चोच मागवण्याआधी काठाच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या बाहेरच्या कडेपर्यंत पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा, आणि दोन दिशांनी मोजा. दोन्ही आकडे वेगळे आले तर काठ गोल राहिलेला नाही हेही तिथेच कळतं.

चार लिटरच्या डब्याला उचलायला तारेची कडी असते आणि तिचे दोन कान काठाच्या जवळ असतात. कड्याची चोच कानाच्या वर आली तर तिथे कडं नीट दबत नाही. चोच दोन्ही कानांच्या बरोबर मध्ये ठेवा आणि तीही लेबलाच्या मागच्या बाजूला. म्हणजे चुकून ओघळ आलाच तरी शेडचं नाव आणि रंग किती पातळ करायचा ते प्रमाण वाचता येतं.

काही जण खाचेत खिळ्याने चार-सहा भोकं पाडतात, म्हणजे साचलेला रंग परत आत गळतो. जुनी युक्ती आहे आणि ब्रशने थेट डब्यातून रंगवताना उपयोगी पडते. पण चोच लावणार असाल तर भोकं नकोत. खिळा ठोकताना काठ थोडा खचतो आणि कडं नीट बसत नाही. शिवाय भोकाच्या कडेला उघडा पडलेला पत्रा गंजतो आणि गंजाचे कण रंगात उतरतात. पांढऱ्या रंगात ते लगेच दिसतात.

चोचीच्या टोकावरून रंग मागे वळतो

चहाच्या किटलीतून हळूहळू ओतताना चहा नळीच्या खालून ओघळत येतो, तोच हा प्रकार. शास्त्रज्ञ त्याला किटलीवरूनच ओळखतात. जोसेफ केलर या गणितज्ञाने १९५७ मध्ये त्यावर लेख लिहिला होता. पुढे जाँ-मार्क वांदेन-ब्रुक यांच्यासोबत केलेल्या याच विषयावरच्या कामासाठी दोघांना १९९९ मध्ये भौतिकशास्त्राचं इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला ते देतात. वरवर साधा दिसणारा हा ओघळ इतका चिवट आहे की २०२१ मध्येही व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठातले संशोधक त्याचं गणित मांडत होते.

आपल्या कामापुरतं त्यातून काय घ्यायचं ते सांगते. धार जोरात असते तेव्हा ती टोकावरून सुटून पुढे पडते. वेग कमी झाला की टोकाच्या खालच्या बाजूला एक छोटा थेंब धरून राहतो, आणि तो थेंब धारेला आपल्याकडे ओढून खाली वळवतो. टोक जितकं धारदार तितकं धारेला सुटणं सोपं, जितकं गोलसर तितकं तिला चिकटून वळणं सोपं. चोच प्लास्टिकची आहे म्हणून रंग तिला चिकटणार नाही, असं समजू नका. ऑइल पेंट प्लास्टिकवरही सहज पसरतो.

मग घाबरत घाबरत, थेंबथेंब ओतणं हीच सगळ्यात वाईट पद्धत ठरते. सांडू नये म्हणून आपण सावकाश ओततो आणि त्यामुळेच ओघळ येतो. डबा एका हालचालीत वाकवा, धार एकसारखी येऊ द्या आणि हवा तेवढा रंग पडला की तितक्याच झटक्यात सरळ करा. सरळ करताना डबा किंचित आपल्या अंगाकडे ओढून घ्या, म्हणजे शेवटचा थेंब चोचीच्या आत परततो. हे हाताला बसायला दोन-चार वेळा करावं लागतं. रिकाम्या, धुतलेल्या डब्यात पाणी घेऊन अंगणात सराव करा. हालचाल पाण्याने हाताला बसते. फक्त नंतर डबा आणि चोच पूर्ण कोरडी करा, पाण्याचा थेंब ऑइल पेंटमध्ये जाऊ देऊ नका.

टोकाची धार राखणं हे दुसरं काम. टोकावर रंगाचा एक थर वाळला की ते गोलसर होतं, दोन थर वाळले की चोच असून नसल्यासारखी. नवी चोच महिनाभर छान चालते आणि मग "बिघडते", त्याचं कारण बहुधा हेच असतं. प्रत्येक ओतण्यानंतर टोक खालून वर, एकदाच, कपड्याने पुसा.

धार अचानक उसळते, शिंतोडे उडतात

डबा गळ्यापर्यंत भरलेला असला की थोडं वाकवताच रंग चोचीच्या दोन्ही बाजूंनी कड्यावरून वाहतो. चोच रुंद आहे, पण तेवढीही नाही. चार लिटरचा नवा डबा उघडला की पहिला अर्धा लिटर मी वाटीने किंवा जुन्या पळीने काढून घेते, चोच त्यानंतर लावते. भरलेला चार लिटरचा डबा चार किलोहून जास्तच भरतो. तो एका हाताने उचलून नेमका वाकवणं मनगटाला जड जातं, म्हणून एक हात कडीला आणि दुसरा बुडाला.

धार धक्के देत येत असेल तर आत हवा नीट शिरत नाहीये किंवा चोचीत काहीतरी अडकतंय. रुंद तोंडाच्या डब्यात हवेचा प्रश्न क्वचित येतो. तो येतो तार्पिनाच्या चौकोनी डब्यात. त्याचं तोंड एका कोपऱ्यात असतं आणि आपण सवयीने ते तोंड खाली येईल असा डबा धरतो. उलटं धरा. तोंड वरच्या बाजूला ठेवून डबा आडवा झुकवा, म्हणजे वरून हवा आत जाते आणि खालून तार्पिन शांतपणे बाहेर येतं. या एका बदलाने आमच्याकडे तार्पिनाचे शिंतोडे बंद झाले.

रंग घट्ट झालाय, साय आलीय

नागपूरच्या उन्हाबद्दल नागपूरकरांना मी वेगळं काय सांगणार! २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती. मार्चअखेरलाच पारा चाळिशीच्या आसपास फिरतो. अशा हवेत उघड्या डब्यातलं तार्पिन भराभर उडतं, आणि सकाळी नऊ वाजता चोचीतून नीट पडणारा रंग दुपारी बारा वाजता तारेसारखा ओढला जातो. तार धरणारा रंग टोकावरून तुटत नाही, मागे लोंबत येतो. इथे चोच बदलून उपयोग नाही.

ढवळायची काडी रंगातून उचला आणि पाहा. रंग सलग धारेने पडून मग थेंबांत तुटला तर ठीक. गुठळीने पडत असेल किंवा शेवटपर्यंत दोरी धरत असेल तर घट्ट झालाय. डब्यावर छापलेल्या प्रमाणात, थोडं थोडं थिनर घालून ढवळा. अंदाजाने एकदम ओतू नका. जास्त पातळ केलेला रंग चोचीवरून सुंदर पडेल, पण कूलरच्या उभ्या पत्र्यावर लावला की तिथे ओघळ धरेल. त्रास एका जागेवरून दुसऱ्या जागी गेला, एवढंच. मी उन्हाळ्यात सकाळी साडेदहाच्या आत ओतण्याचं काम संपवते आणि डबा कायम सावलीत, ओल्या गोणपाटावर ठेवते.

साय आली असेल तर ढवळायचं नाही. कडेने काडी फिरवून साय सुटी करा आणि पोळीसारखी अख्खी उचलून काढा. ढवळली की तिचे तुकडे होतात, ते चोचीच्या तोंडाशी येऊन अडकतात, मागे रंग तुंबतो आणि एकदम उसळतो. तुकडे झालेच असतील तर जुन्या मलमलच्या किंवा नायलॉनच्या साडीच्या तुकड्यातून गाळून घ्या. नंदीच्या डोळ्यांसाठी आणि शिंगांसाठी मी रंग गाळूनच घेते. कणाकणाचा डोळा पोरांना लगेच दिसतो.

कडं पूर्वी घट्ट बसायचं, आता सैल झालंय

ही चूक माझ्या हातून झाली होती. काम संपल्यावर चोच स्वच्छ व्हावी म्हणून मी ती रात्रभर तार्पिनात बुडवून ठेवली आणि बरणी गच्चीवरच राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी काढली तेव्हा कडं मऊ आणि थोडं मोठं झालं होतं. पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन हे चिवट प्लास्टिक आहेत. तार्पिनाने विरघळत नाहीत, पण बराच वेळ त्यात राहिले, आणि तेही उन्हात, तर ते शोषून फुगतात. सावलीत वाळल्यावर काही अंशी पूर्ववत होतात, पूर्ण नाही.

चोचीच्या खालच्या बाजूला त्रिकोणात आकडा असतो तो पाहा. २ किंवा ४ म्हणजे पॉलिइथिलीन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. हे घ्या. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, कडक आणि चकचकीत दिसतं. ते घेऊ नका, थिनरने ते मऊ पडून चिकट होतं. आकडाच नसेल तर निदान वाकवून पाहा. किंचित लवचीक असलं पाहिजे.

स्वच्छ करायला तार्पिनाची गरज फारशी पडतही नाही. ओला रंग कपड्याने पुसून घ्या आणि चोच सावलीत टांगून ठेवा. या प्लास्टिकला इनॅमल घट्ट धरत नाही. दोन दिवसांनी थोडं वाकवलं की वाळलेला पातळ थर सालीसारखा निघून येतो. मी आता असंच करते आणि तीच चोच दुसऱ्या वर्षी वापरते आहे.

रात्री झाकण बसत नाही

चोच लावलेली असताना झाकण बसणार नाही, हे उघड आहे. पण तासाभरासाठी म्हणून लोक चोचीवर वर्तमानपत्र झाकून जातात आणि तासाचा दिवस होतो. जेवायला उठलात तरी चोच काढा, खाच पुसा आणि झाकण लावा. झाकण बसवताना हातोडी थेट पत्र्यावर मारू नका. वर लाकडी पाट आडवा ठेवा आणि पाटावर तळहाताने किंवा गुडघ्याने दाबा. चारी बाजूंनी सारखा दाब पडतो आणि काठ गोल राहतो. खाचेत ओला रंग असताना हातोडी मारली की शिंतोडे थेट तोंडावर येतात. डोळ्यांची काळजी घ्या.

डबे माळ्यावर पत्र्याखाली ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये तिथे आत वाफ धरते आणि झाकण उचकटताना फस्सकन येते. घरातल्या सगळ्यात थंड, पण स्वयंपाकघरापासून लांबच्या कोपऱ्यात ठेवा. तार्पिनाची वाफ पेट घेते. आणि झाकणावर तारीख लिहा.

तारखेवरून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याला, पोरं नंदी दिवसभर हातात धरून घरोघरी फिरवतात, लहानगी तर त्याची शिंगं तोंडातही घालतात. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, हा आपल्याकडचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. माळ्यावरचा त्याआधीचा डबा कितीही छान दिसत असला तरी नंदीला वापरू नका. नवा डबा घेतानाही शिसं नसल्याचा किंवा मर्यादेत असल्याचा उल्लेख लेबलावर वाचून घ्या. आणि अशा जुन्या डब्याची खाच खरवडायची वेळ आली, तर पोरांना लांब ठेवा आणि पापुद्रे गोळा करून कागदात बांधून टाका.

सांडलंच तर

पाणी ओतू नका. ऑइल पेंट पाण्याने पसरतो, निघत नाही. लाकडाचा भुसा, नाहीतर कोरडी माती किंवा राख कडेपासून आत टाकत या, पाच मिनिटं शोषू द्या, पत्र्याच्या तुकड्याने उचला आणि मग तार्पिनाच्या कपड्याने पुसा. पॉलिश न केलेल्या शहाबादी फरशीत रंग लगेच शिरतो, तिथे वेळ घालवू नका. पुसलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. वाळताना ऑइल पेंटमधलं तेल उष्णता सोडतं, आणि गोळ्यात ती अडकून चिंध्या आपोआप पेटू शकतात. दोरीवर सुट्या पसरून कडक वाळू द्या, मग टाका.

इमल्शनच्या, म्हणजे भिंतींच्या पाण्यात मिसळणाऱ्या रंगाच्या, दहा-वीस लिटरच्या प्लास्टिक बादल्यांना ही चोच बसत नाही. तिथे प्लास्टिकचा मग बुडवून रंग काढणं बरं.

चोच मिळेपर्यंत काम अडू नये म्हणून: मास्किंग टेपची एक लांब पट्टी काठाच्या आतून बाहेर अशी, खाच पूर्ण झाकेल अशी, डब्याच्या ओतायच्या बाजूला चिकटवा. टेपचं पुढचं टोक बोटभर बाहेर ठेवून दुमडून त्याची चोच करा. खाच कोरडी असेल तरच टेप धरतो. एका डब्याला, एका दिवसापुरतं चांगलं चालतं. झाकण लावण्याआधी टेप रंग ओला असतानाच आतल्या बाजूला ओढत काढा, म्हणजे त्याच्यावरचा रंग परत डब्यातच पडतो. वाळल्यावर काढला तर टेपचे तुकडे खाचेत राहतात आणि पुन्हा बांबूची पट्टी घेऊन बसावं लागतं.